ठोका कुठून उठला? ईसीजीचा कागद हृदयातला पत्ता कसा सांगतो

सांगली-मिरजेकडे हल्ली ठोक्यांची भाषा घराघरांत शिरली आहे. कुणाच्या मनगटावरचं घड्याळ ‘ठोके अनियमित’ म्हणून इशारा देतं. कुणाच्या कारखान्यातल्या वार्षिक तपासणीच्या रिपोर्टवर ‘व्हीपीसी’ अशी अक्षरं येतात आणि घरात कुणाला झोप लागत नाही. कुणाची पुतणी धडधडीसाठी मिरजेला दाखवायला जाते. डॉक्टर ईसीजीचा कागद उजेडात धरतात आणि सांगतात, “हा ठोका उजव्या खालच्या कप्प्याच्या वरच्या टोकातून उठतोय.” परतीच्या वाटेवर सगळ्यांच्या मनात एकच प्रश्न असतो: छाती उघडली नाही, आत नळी घातली नाही, मग कातडीवर चिकटवलेल्या तारांवरून हृदयातला कोपरा कसा कळला?

या प्रश्नाचं उत्तर कुणालाही समजेल असं आहे. ते समजलं की धडधड चालू असताना काढलेला पूर्ण ईसीजी किती मोलाचा, हेही पटतं. आपल्याकडे तो बहुतेक वेळा काढायचाच राहून जातो. मला त्याची मनापासून हळहळ वाटते आणि हा लेख त्यासाठीच आहे.

ठोका रोज कुठून उठतो?

ठोका देण्यासाठी हृदयाला मेंदूच्या हुकमाची वाट पाहावी लागत नाही. उजव्या वरच्या कप्प्याच्या माथ्यावर पेशींचा एक छोटा पुंजका आहे, त्याला सायनस नोड म्हणतात. आपण निवांत असताना तो मिनिटाला साधारण ६० ते १०० वेळा विजेची बारीक लाट स्वतःहून सोडतो. ती लाट वरच्या दोन्ही कप्प्यांत पसरते. मग वरच्या आणि खालच्या कप्प्यांच्या मध्ये असलेल्या एव्ही नोडपाशी सेकंदाच्या दहाव्या हिश्श्याएवढी रेंगाळते. तेवढ्या वेळात वरचे कप्पे आपलं रक्त खाली रिकामं करतात. तिथून पुढे लाटेला खास वेगवान तंतू मिळतात आणि खालचे दोन्ही कप्पे सेकंदाच्या दहाव्या हिश्श्याच्या आत जवळजवळ एकदम आकुंचन पावतात.

ही वाट माणसाला कळून फार काळ झालेला नाही. सुनाओ तावारा या जपानी संशोधकाने जर्मनीत काम करताना १९०६ साली एव्ही नोडचं वर्णन केलं. १९०७ साली आर्थर कीथ आणि मार्टिन फ्लॅक यांनी सायनस नोड जगापुढे आणला. फ्लॅक तेव्हा वैद्यकीचा विद्यार्थी होता.

बिघाड साधारण दोन तऱ्हांनी होतो. एक तर भलत्याच जागचा एखादा पेशीसमूह सायनस नोडच्या आधी लाट सोडतो. नाहीतर लाटेला फिरून परत यायला एखादी आडवाट सापडते आणि ती गोल गोल फिरत राहते. रिपोर्टवरची व्हीपीसी ही पहिल्या तऱ्हेची सगळ्यात नेहमीची गोष्ट आहे. खालच्या कप्प्यातून वेळेआधी उठलेला तो एकटा-दुकटा ठोका असतो. त्याच्यानंतर क्षणभर खंड पडतो आणि पुढचा ठोका जोरात बसतो. “काळजाचा ठोका चुकला” असं पेशंट सांगतो, तेव्हा त्याला बहुधा तो खंड आणि तो जोराचा ठोका जाणवलेला असतो.

कागदावर नेमकं काय उमटतं?

नेदरलंड्समधल्या लायडन शहरात विलेम आइंटहोव्हन यांनी विसाव्या शतकाच्या अगदी सुरुवातीला हृदयाची वीज नीट टिपणारं यंत्र बनवलं. ते सुमारे २७० किलोचं होतं, त्याला दोन खोल्या लागत आणि चालवायला पाच माणसं. पेशंटचे हात-पाय मिठाच्या पाण्याच्या भांड्यांत बुडवून ठेवावे लागत. कागदावरच्या उंचवट्यांना पी, क्यू, आर, एस, टी ही नावं त्यांनीच दिली. १९२४ साली त्यांना नोबेल मिळालं. आज तेच काम करणारी पेटी काखोटीला मारून नेता येते.

आजच्या ईसीजीत शरीराला दहा तारा लावतात, चार हातापायांना आणि सहा छातीवर. या दहा तारांतून यंत्र बारा नोंदी तयार करतं. अशा प्रत्येक नोंदीला लीड म्हणतात. एक लीड म्हणजे हृदयाकडे पाहण्याची एक दिशा. कुणी पायाकडून वर पाहतं, कुणी डाव्या खांद्याकडून, कुणी छातीच्या समोरून. नियम एकच आहे: लाट त्या दिशेने येत असेल तर रेघ वर जाते, दूर जात असेल तर खाली जाते आणि आडवी निघून गेली तर थोडी वर, थोडी खाली.

सांगलीकराला हे वेगळं शिकवावं लागत नाही, कारण पावसाळ्यात तो हेच करतो. नदी चढू लागली की नुसती सांगलीतल्या आयर्विन पुलाजवळची पातळी ऐकून कुणाचं समाधान होत नाही. कराडला किती, बहेला किती, ताकारीला, भिलवडीला किती, अशी विचारणा सुरू होते. कराडपासून भिलवडीपर्यंत क्रमाने चढ येत असेल, तर पाणी कोयनेचं आणि वरच्या कृष्णेचं. भिलवडी स्थिर असून आयर्विनला चढ दिसला, तर हरिपूरच्या संगमावर वारणेचा फुगवटा आला असावा, असा अंदाज जाणता माणूस घरात बसून बांधतो. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विनला पाणी ५७ फुटांच्या पुढे गेलं. तेव्हापासून तर हे आकडे पोराटोरांनाही पाठ असतात. आधी कुठे चढलं, मग कुठे, किती वेळाने, यावरून उगम कळतो. त्यासाठी धरणावर जाऊन यावं लागत नाही. ईसीजी वाचणारा डॉक्टर हेच करतो, फक्त त्याची बारा ठिकाणं वीतभर अंतरात असतात आणि सगळा पूर सेकंदाच्या दहाव्या-पाचव्या हिश्श्यात येऊन जातो.

वरच्या कप्प्यातून की खालच्या?

पत्ता शोधताना पहिला प्रश्न हा असतो आणि त्याचं उत्तर खालच्या कप्प्यांच्या उंचवट्याच्या रुंदीत दडलेलं असतं. ईसीजीचा कागद सेकंदाला २५ मिलिमीटर सरकतो, म्हणजे एक बारीक चौकोन सेकंदाच्या पंचविसाव्या हिश्श्याचा. लाट वरून, नेहमीच्या वेगवान तंतूंतून आली, तर उंचवटा तीन बारीक चौकोनांच्या आत आवरतो. खालच्या कप्प्यातल्या स्नायूतच ती उठली, तर तिला स्नायूतून स्नायूत अशी हळू वाट काढावी लागते आणि उंचवटा तीन चौकोनांहून रुंद, बेढब होतो.

याला अपवाद आहेत. काहींच्या वेगवान तंतूंची एक शाखा आधीच बंद पडलेली असते. त्यांच्यात वरून आलेली लाटही रुंद दिसते. म्हणूनच डॉक्टर जुना ईसीजी मागतात. आधीपासून रुंद आहे की आत्ताच झालं, हे त्याशिवाय ठरत नाही. शंका राहिलीच, तर रुंद उंचवट्याची धडधड खालच्या कप्प्यातली आणि गंभीर आहे असं धरूनच उपचार करतात, कारण उलट चूक जिवावर बेतू शकते.

उजवं की डावं, वर की खाली?

पेच इथून पुढे उलगडतो. हा भाग मला सगळ्यात विलक्षण वाटतो.

छातीच्या हाडाच्या उजव्या कडेला, चौथ्या बरगडीच्या फटीत लावलेल्या तारेला व्ही-१ म्हणतात. हृदयाचा उजवा खालचा कप्पा पुढच्या बाजूला, या तारेच्या जवळ असतो आणि डावा तिच्यापासून लांब, मागच्या बाजूला. ठोका उजव्या कप्प्यातून उठला, तर लाट व्ही-१ पासून दूर धावते आणि रेघ खाली जाते. डाव्यातून उठला, तर लाट व्ही-१ कडे येते आणि रेघ वर जाते. उजवीकडचा कोपरा की डावीकडचा, याचं निम्मं उत्तर एका तारेत मिळालं.

मग पायाकडून पाहणाऱ्या तीन लीड पाहायच्या. त्यांची नावं लीड दोन, लीड तीन आणि एव्हीएफ. तिन्हींत रेघ उंच वर गेली असेल, तर लाट वरून पायाकडे आली, म्हणजे उगम कप्प्याच्या वरच्या भागात. तिन्हींत खाली गेली असेल, तर उगम तळाला.

नंतर व्ही-१ पासून व्ही-६ पर्यंत छातीवरून डावीकडे सरकत जायचं आणि खाली जाणारी रेघ कोणत्या तारेपाशी वर जाऊ लागते ते पाहायचं. व्ही-४ किंवा त्याच्या पुढे पालटली, तर उगम बहुधा उजव्या बाजूला. व्ही-१, व्ही-२ मध्येच पालटली, तर डाव्या बाजूला. व्ही-३ ला पालटली, तर मात्र अनुभवी डॉक्टरही सावध बोलतात, कारण तिथे दोन्ही बाजू शक्य असतात. शेवटी रुंदी पुन्हा तपासायची. दोन कप्प्यांमधल्या पडद्यातून उठलेला ठोका तुलनेने अरुंद असतो, बाहेरच्या भिंतीतून उठलेला अधिक रुंद आणि खाचांचा.

आता त्या पुतणीचा कागद पाहा. उंचवटा रुंद आहे, म्हणजे खालचा कप्पा. व्ही-१ मध्ये रेघ खाली आहे, म्हणजे उजवी बाजू. दोन, तीन, एव्हीएफमध्ये उंच वर, म्हणजे वरचा भाग. पालट व्ही-४ ला. हे सगळं मिळून उत्तर येतं: उजव्या कप्प्यातून रक्त फुप्फुसांकडे जिथून बाहेर पडतं, ती वाट. बाकी धडधाकट हृदयात असे जादा ठोके उठण्याची ही सगळ्यात नेहमीची जागा आहे.

वरच्या कप्प्यांचा हिशेब

वरच्या कप्प्यांसाठी पी हा छोटा उंचवटा पाहतात. तत्त्व तेच. व्ही-१ मध्ये तो सरळ वर असेल तर उगम बहुधा डाव्या वरच्या कप्प्यात. पायाकडच्या लीडमध्ये उलटा असेल तर उगम खालच्या अंगाला. अडचण ही की पी लहान असतो आणि वेगवान धडधडीत मागच्या ठोक्याच्या उंचवट्यात लपून बसतो. तो शोधण्यासाठी साधा, जुना ईसीजी शेजारी ठेवून रेघेतला बारीकसा फरक पाहावा लागतो.

ठोक्यांना काही ताळतंत्रच उरत नाही, त्या एट्रियल फिब्रिलेशनमध्ये पी दिसतच नाही. तिथे उगमाचा शोध १९९८ साली फ्रान्समधल्या बोर्दोच्या डॉक्टरांनी लावला. मिशेल हायसागेर आणि सहकाऱ्यांनी ४५ रुग्णांच्या हृदयात आतून तपासणी केली. त्यांना ठोके सुरू करून देणाऱ्या ६९ जागा सापडल्या. त्यातल्या ६५ जागा हृदयात नव्हत्या, फुप्फुसांकडून रक्त आणणाऱ्या शिरांच्या तोंडाशी आणि आत होत्या. आज या आजारावर त्या शिरांच्या तोंडाभोवती जो उपचार करतात, त्याचं मूळ या निरीक्षणात आहे.

जन्मजात जादा तंतू असलेल्यांची गोष्ट वेगळी. १९३० साली वुल्फ, पार्किन्सन आणि व्हाइट यांनी अशा ११ निरोगी दिसणाऱ्या तरुणांचं वर्णन केलं होतं. त्यांच्यात वरच्या आणि खालच्या कप्प्यांना जोडणारी एक चोरवाट असते. लाट एव्ही नोडपाशी न थांबता तिच्यातून आधीच खाली पोचते आणि उंचवट्याच्या सुरुवातीला एक तिरका चढ दिसतो. तो चढ व्ही-१ मध्ये वर असेल तर चोरवाट बहुधा डावीकडे. ही माणसं एरवी ठणठणीत असली, तरी त्या चोरवाटेचा पत्ता धडधड नसतानाही कागदावर दिसू शकतो.

“धोका नाही म्हणाले, मग पत्ता हवा कशाला?”

बऱ्याच जणांचा हा आक्षेप असतो. पण धोका आहे की नाही, हे ठरतं त्यातही पत्त्याचा वाटा मोठा असतो. मघाच्या बाहेर पडणाऱ्या वाटेतून उठणारे ठोके, हृदय बाकी चांगलं असेल तर, सहसा निरुपद्रवी असतात. हार्ट अटॅक येऊन गेलेल्या भागाच्या कडेतून उठणारी धडधड प्राणघातक ठरू शकते. दोन्हीकडे पेशंट “छातीत धडधडतंय” एवढंच सांगतो.

औषधही पत्त्यावर ठरतं. डाव्या कप्प्यातल्या वेगवान तंतूंतून उठणारी एक धडधड तरुणांत दिसते. ती व्हेरापामिल नावाच्या औषधाने थांबते. तेच औषध खालच्या कप्प्यातल्या दुसऱ्या तऱ्हेच्या धडधडीत शिरेतून दिलं, तर रक्तदाब कोसळू शकतो.

प्रमाणाचाही प्रश्न आहे. दिवसात हृदय सुमारे एक लाख ठोके देतं. त्यात व्हीपीसींचं प्रमाण दीर्घकाळ दहा टक्क्यांच्या पुढे राहिलं, तर काही जणांत हृदयाची ताकद हळूहळू घटते. अशा वेळी उगम शोधून बंद केला, तर बहुतेकांची ताकद परत येते. मांडीच्या शिरेतून बारीक तार हृदयापर्यंत नेऊन, तिच्या टोकाच्या उष्णतेने काही मिलिमीटरची जागा निष्क्रिय करतात. या उपचाराला अॅब्लेशन म्हणतात.

“कागदावर एवढा भरवसा ठेवायचा?”

ठेवायचा, पण तो कुठवर जातो ते ओळखून. ईसीजी सहसा भागापर्यंत नेतो, नेमक्या बिंदूपर्यंत नाही. कुणाचं हृदय छातीत उभं असतं, कुणाचं आडवं. व्ही-१ आणि व्ही-२ च्या तारा चौथ्या फटीऐवजी दोन फटी वर लागल्या, तर कागद भलतंच सांगतो. ही चूक वारंवार होते. म्हणून तारा लावणाऱ्या व्यक्तीने बरगड्या बोटांनी मोजणं हे या सगळ्या विद्येचा पाया आहे असं मला वाटतं. शिवाय हार्ट अटॅकने स्नायूत राहिलेल्या जुन्या व्रणाभोवती फिरणाऱ्या लाटेत कागद दाखवतो ती लाट बाहेर पडण्याची जागा. तिचा मूळ फेरा आत दुसरीकडे असू शकतो.

म्हणून अॅब्लेशनच्या वेळी डॉक्टर आतून खात्री करतात. तारेचं टोक संशयित जागी टेकवून तिथून मुद्दाम ठोका देतात आणि त्याचा ईसीजी पेशंटच्या मूळ धडधडीच्या ईसीजीशी ताडून पाहतात. बाराच्या बारा लीड जुळल्या, तर जागा जवळजवळ सापडली. मूळ धडधडीचा कागदच नसेल, तर ताडायचं कशाशी?

“हे आता संगणकच करेल ना?”

काही प्रमाणात करू लागला आहे. छातीभर दोनशेहून अधिक बिंदूंचं जाकीट घालून आणि सीटी स्कॅनची जोड देऊन हृदयाच्या पृष्ठभागावरचा विजेचा नकाशा काढता येतो. पण गणितातली अडचण मूळचीच आहे. हृदयातल्या एका लाटेचा कातडीवर एकच नमुना उमटतो, उलट मात्र कातडीवरचा जवळपास तोच नमुना आतल्या वेगवेगळ्या लाटांतून येऊ शकतो. मोजमापातली छोटी चूक उत्तरात मोठी होते.

दुसरी वाट अधिक आशेची वाटते. अॅब्लेशनच्या वेळी ज्ञात जागांवरून मुद्दाम दिलेल्या ठोक्यांचे ईसीजी हाताशी असतात, म्हणजे प्रश्न आणि उत्तर दोन्ही. त्यांवर संगणकाला शिकवून साध्या बारा लीडवरून पत्ता काढायला लावतात.

“घड्याळात ईसीजी आहेच की”

मनगटावरचं घड्याळ एकाच लीडची नोंद देतं, साधारण हातापासून हातापर्यंतची. ठोके अनियमित आहेत का, याचा इशारा ते देऊ शकतं आणि तो उपयोगीच आहे. पण एका ठिकाणाहून पाहून उगम कळत नाही. घड्याळाची नोंद डॉक्टरांना जरूर दाखवा, तिच्यावरून स्वतः निदान करू नका.

जत, आटपाडीहून मिरजेला पोचेपर्यंत

धडधड आटपाडीत सुरू होते. मिरजेच्या किंवा सांगलीच्या दवाखान्यात पोचेपर्यंत दीड-दोन तास जातात आणि तोवर ती थांबलेली असते. इथला ईसीजी नॉर्मल येतो. “काही नाही, टेन्शन घेऊ नका,” असं ऐकून माणूस परततो आणि पुढच्या महिन्यात पुन्हा तेच. धडधड नसताना काढलेल्या नॉर्मल कागदावरून धडधडीचा उगम बहुधा सांगता येत नाही. अंगावर बाळगून २४ तास ईसीजी टिपणारं होल्टर यंत्र लावलं, तरी रोज न येणारी धडधड त्यात सापडेलच असं नाही.

म्हणून धडधड चालू असेल, तर सगळ्यात जवळचा दवाखाना गाठा, मग ते ग्रामीण रुग्णालय असो की गावातला खासगी दवाखाना. पेशंट शुद्धीत असेल आणि रक्तदाब ठीक असेल, तर धडधड थांबवणारं इंजेक्शन देण्याआधी पूर्ण बारा लीडचा ईसीजी काढून द्यायला विनंती करा. इंजेक्शन देतानाही कागद चालू ठेवला, तर धडधड कशी थांबली तेही उमटतं आणि ते फार कामाचं असतं. धडधडीबरोबर भोवळ, बेशुद्धी, छातीत दुखणं किंवा धाप असेल, तर मात्र कागदासाठी अडून बसायचं नाही. १०८ ला फोन करायचा आणि उपचार आधी. घरात कुणी तरुणपणी अचानक दगावलं असेल, तर तेही डॉक्टरांना न विचारता सांगायचं.

आइंटहोव्हन यांनी १९०५ सालीच रुग्णालयातल्या पेशंटचा ईसीजी टेलिफोनच्या तारेवरून दीड किलोमीटर दूरच्या आपल्या प्रयोगशाळेत नेऊन नोंदवला होता. आपल्याकडे आता प्रत्येकाच्या खिशात फोन आहे. कागद सपाट ठेवून, बाराही लीड दिसतील असा, सावली न पडता फोटो काढा. ईसीजीचा बराचसा कागद उष्णतेने छपाई होणारा असतो. तो उन्हात, प्लॅस्टिकच्या पिशवीत पडून राहिला की वर्ष-दोन वर्षांत पुसट होतो. त्याची झेरॉक्स काढून ठेवा आणि मागे पेनाने तारीख, वेळ, धडधड चालू होती की थांबली होती, इंजेक्शनच्या आधीचा की नंतरचा आणि त्या दिवशी कोणत्या गोळ्या चालू होत्या, एवढं लिहा. फाईलमध्ये असे दोन कागद असतील, एक धडधडीतला आणि एक नेहमीचा, तर तज्ज्ञ डॉक्टर पहिल्याच भेटीत उगमाचा अंदाज बांधू शकतात.